आधी भाराला वाट

दापोली तालुक्यातल्या एका गावात जांभ्याच्या भिंतींचं, मंगलोरी कौलांचं एक जुनं घर आहे. माजघरावर कडीपाटाचा माळा आहे. पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत जाड तुळया, एका तुळईपासून दुसरीपर्यंत कड्या आणि कड्यांवर फळ्या. माळ्यावर जायला दोन कड्यांच्या मधली जेमतेम दीड फुटाची वाट. शिडी लावायची, अंग चोरायचं आणि वर चढायचं. भाताची पोती, सोललेली सुपारी, नारळ, गणपतीचं मखर, जादा कौलं, सगळं याच तोंडातून वरखाली व्हायचं.

या घरातला धाकटा भाऊ ठाण्याला नोकरी करतो. माळ्यावर पर्यटकांसाठी दोन खोल्या काढाव्यात, असं त्याच्या मनात बरीच वर्षं होतं. त्यासाठी शिडीच्या जागी जिना हवा आणि जिन्यासाठी माळ्याचं तोंड मोठं हवं. जानेवारीत तो रजा टाकून घरी आला. येण्याला आणखी एक कारण होतं. त्याच्या वहिनीचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. सहा आठवडे जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मोठा भाऊ एसटीत ड्रायव्हर, त्याच्याकडे वस्तीची गाडी. रात्र परगावी काढायची, सकाळी परतायचं. घरात आजी होती, पण तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. आणि दहावीतली पुतणी होती. तिला सगळं घर बाय म्हणायचं.

आल्या आल्या धाकट्याने सांगून टाकलं, "वहिनी, आता तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही. नुसतं पडून राहायचं." आजीने तेच सांगितलं. मोठ्यानेही तेच सांगितलं. वहिनी मागच्या खोलीत अंथरुणावर पडली आणि घर चालत राहिलं. पहाटे चहा मिळत होता, चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं, गाईचं दूध निघत होतं, मोठ्याचा डबा वेळेवर भरला जात होता. घर चाललंय म्हणजे सगळं ठीक आहे, असं धाकट्याला वाटलं आणि तो माळ्याच्या कामाला लागला.

शेजारच्या वाडीतल्या आबा सुतारांना त्याने बोलावून घेतलं. आबांची सत्तरी उलटलेली. पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांच्या लाकडांना त्यांचा हात लागलेला. ते यायच्या आधीच धाकट्याने माजघराच्या मधोमध, कड्यांवर खडूने चौकोन आखून ठेवला होता.

"आबा, दोन कड्यांत मध्यापासून मध्यापर्यंत एकवीस इंचांचं अंतर आहे. मधली ही एक कडी काढली की सव्वातीन फूट रुंदी मिळते. लांबी चार फूट घेऊ. दुपारपर्यंत होईल ना?"

आबांनी पिशवीतून करवत काढली नाही. त्यांनी सुतळी काढली. कडीच्या दोन्ही टोकांना खालून एकेक इंचाचा ठोकळा धरून त्यांनी सुतळी ताणली आणि मधोमध कडी आणि सुतळी यांच्यातली फट पाहिली. मग शेजारच्या कडीला तसंच केलं, मग तिच्या पलीकडच्या. बाकीच्या कड्यांना पाऊण इंच फट राहत होती. खडूच्या चौकोनातल्या कडीला सुतळी जवळजवळ टेकत होती.

"बाकीच्या पाव इंच वाकल्यात. इतक्या वर्षांत नऊ फुटांच्या कडीला तेवढं चालतं," आबा म्हणाले. "ही मात्र इंचभर वाकलीय. ही जास्तीचं काहीतरी उचलतेय. चल, वर जाऊन बघू."

वर पोती सरकवून बॅटरी मारली तेव्हा दिसलं. बरोबर त्या कडीवर फणसाच्या ओंडक्याचा एक उभा टेकू होता. त्याचं डोकं आढ्याला भिडलेलं होतं आणि तिथे आढ्याला हातभर लांब तडा गेलेला होता.

"हा कुणी दिला?" आबांनी विचारलं.

धाकट्याला माहीत नव्हतं. खालून आजी म्हणाली, मलाही नाही माहीत. तेवढ्यात मागच्या खोलीतून वहिनीचा आवाज आला, "आबा, तो मी आणि यांनी दिलाय. निसर्गच्या वेळी."

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या आणि घरांवरची कौलं उडाली. या घरावर मागचा माड पडला होता. पाऊस तोंडावर आलेला, सुतार मिळत नव्हते, पत्रे मिळत नव्हते. धाकटा टाळेबंदीमुळे ठाण्यातच अडकलेला. नवरा-बायकोने पडलेल्या फणसाची फांदी तोडली आणि आढं खाली येऊ नये म्हणून रातोरात टेकू उभा केला. नंतर नीट करून घेऊ म्हणाले आणि ते राहूनच गेलं.

आबा खाली उतरले. खडूचा चौकोन त्यांनी पंचाने पुसून टाकला.

"खालून सगळ्या कड्या सारख्याच दिसतात," ते म्हणाले. "कुणाच्या डोक्यावर काय आहे ते वर गेल्याशिवाय कळत नाही. ही कापली असती तर कौलांसकट आढं माजघरात आलं असतं. आणि ज्या बाईला हे ठाऊक होतं, ती दहा पावलांवर पडलीय. तिला विचारलं होतंस?"

"त्यांना त्रास नको म्हणून..." धाकटा म्हणाला.

"उठवू नकोस, काम सांगू नकोस, हे बरोबर. पण विचारायला काय हरकत होती?"

माळ्याच्या तोंडाची जागा बदलली. मागच्या भिंतीकडे, आढ्याच्या खालून पुरतं बाजूला, जिथे कडीवर फळ्या आणि पोती यांखेरीज काहीच नव्हतं, तिथे आबांनी नवी खूण केली. टेकूखालच्या कडीला जोडकडी द्यायची आणि उन्हाळ्यात घर शाकारताना आढ्याचं काम आधी करायचं, हेही ठरलं.

"तुळई कापायची नाही, हे आधी डोक्यात ठेव," आबांनी धाकट्याला समोर बसवून सांगितलं. "तुळई घराच्या दोन भिंतींना धरून ठेवते. ती तोडली की छपराचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतो. तसंच कैचीचं. शाळेच्या छपराला कैच्या आहेत ना? तिच्यातला एकही दांडा कापायचा नाही, कितीही बारीक दिसला तरी. तिथे प्रत्येक दांडा दुसऱ्याला ओढून किंवा रेटून धरत असतो. अशी वेळ आली तर सुताराने नाही, इंजिनिअरने बघायचं. कडीचं तसं नाही. कडी कापता येते. पण तिचा भार दुसऱ्या कुणीतरी घेतल्यावर."

मग पहिलं काम निघालं ते माळा रिकामा करण्याचं. जादा कौलं दोनशेच्या आसपास होती. एक कौल दोन ते तीन किलोचं, म्हणजे चारशे ते सहाशे किलो वजन नुसतंच त्या बाजूला रचून ठेवलेलं. भाताची पोती ओटीवर आली. कड्यांच्या बगलेतून गेलेल्या विजेच्या तारा कुठून कुठे जातात ते पाहून मेन स्विच बंद केला. पंख्याचा हूक कुठल्या कडीत आहे ते पाहिलं. आबांनी कड्यांखालच्या दोन्ही तुळयांची भिंतीकडची टोकं टोच्याने टोचून पाहिली, कारण जांभ्यातली ओल आधी टोकात शिरते आणि ओलीमागून वाळवी येते. टोकं टणक निघाली.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने सॉ मिलमधून नवं लाकूड आणलं. आबांनी एका तुकड्यावर तळवा ठेवला आणि मान हलवली.

"हे ओलं आहे. कालपरवा चिरलेलं."

"पण सरळ आहे, आबा. मजबूतही आहे."

"आज सरळ आहे. ओल्या लाकडावर भार टाकलास की ते वाकतं. तक्रार करत नाही, तुटत नाही, नुसतं वाकतं. आणि मग तसंच वाकलेलं वाळतं. पुढे भार काढलास तरी पुन्हा सरळ होत नाही."

ते लाकूड पडवीत लावून ठेवलं. जुना गोठा मोडल्यावर त्याचं सागवान मांगरात रचून ठेवलेलं होतं, त्यातून आबांनी कड्या निवडल्या. प्रत्येक तीन इंच रुंद, पाच इंच उंच. त्या उभ्याच का घालायच्या तेही त्यांनी दाखवलं. हीच कडी आडवी घातली तर तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि ती लवते तर त्याहून खूपच जास्त. म्हणून कडीची उंची खाऊ द्यायची नाही. तार नेण्यासाठी मधोमध खालून खाच मारणारा माणूस कडी कापणाऱ्याइतकंच नुकसान करतो.

मग आबांनी जमिनीवर कोळशाने आकृती काढली. तीन समांतर रेघा म्हणजे तीन कड्या. मधली तोडली. तोडलेल्या दोन्ही टोकांशी, शेजारच्या कडीपासून पलीकडच्या कडीपर्यंत, एकेक आडवी रेघ मारली.

"या आडव्या कड्या. मधली कडी तुटली तरी तिच्या वाटणीचा भार तुटत नाही. तो तिच्या उरलेल्या तुकड्यांतून या आडव्या कड्यांवर येतो आणि आडव्या कड्यांतून शेजारच्या दोघींवर. म्हणजे शेजारच्या दोघींना आता आपला भार अधिक हिचा निम्मा, जवळजवळ दीडपट. म्हणून त्यांना आधी जोडकड्या द्यायच्या. या तुळईपासून त्या तुळईपर्यंत अखंड, बोल्ट आणि वायसर घालून आवळलेल्या. आडव्या कड्या लोहाराकडून वाकवून आणलेल्या पट्ट्यांत बसवायच्या. कडीच्या टोकात नुसता खिळा मारून भागत नाही, रेषांच्या दिशेने घुसलेला खिळा ओढ बसली की सुटतो."

"आणि कापायचं कधी?"

"जोडकड्या लागल्या, टेकू लागले, पट्ट्या तयार झाल्या, आडव्या कड्या मापाने कापून हाताशी ठेवल्या, की मग. कापणं हे सगळ्यात शेवटचं काम, आणि सगळ्यात थोडकं. लोक करवतीपासून सुरुवात करतात, म्हणून घरं बसतात."

हे चाललं होतं तेव्हा बाय चहा घेऊन आली. दोन कप आबांपुढे आणि काकापुढे ठेवले आणि पडवीतल्या लाकडांवर भूमितीचं पुस्तक घेऊन बसली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून भात करपल्याचा वास आला. धाकट्याने हाक मारली. उत्तर आलं नाही. तो पडवीत आला. पुस्तक खाली पडलेलं होतं आणि बाय भिंतीला डोकं टेकून गाढ झोपली होती.

त्याने हलवताच ती दचकून उठली. "आले, आले. गाईला पाणी दाखवायचं राहिलंय."

"बस जरा," आबा म्हणाले. "सकाळी कितीला उठतेस, बाय?"

"साडेचारला."

"अभ्यासाला?"

"नाही आबा, बाबांचा डबा असतो. ते आले की तासाभरात पुन्हा निघतात. मग धार काढायची. मग आजीच्या डोळ्यांत औषध. मग शाळा. आल्यावर शिंपणं, संध्याकाळच्या भाकऱ्या, आईची औषधं. बचत गटाची वही आईकडे असते. तिला बसवत नाही म्हणून तीही मीच लिहिते." सांगताना तिच्या आवाजात कुठेही कुरकुर नव्हती.

"आणि सराव परीक्षा?" काकाने विचारलं.

बाय गप्प राहिली. मग खाली बघत म्हणाली, "गणित राहिलं."

दहावीची परीक्षा दीड महिन्यावर आली होती.

"किती दिवस हे असं?" आबांनी विचारलं.

"आई दवाखान्यात गेली तेव्हापासून."

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. "बाळा," ते धाकट्याला म्हणाले, "तुम्ही या घरातली एक कडी काढलीत. काढायलाच हवी होती, त्यात चूक नाही. पण तिचा भार कुठे गेला, ते कुणी बघितलंत का?"

धाकटा काहीच बोलला नाही. भिंतीला टेकवलेलं ओलं लाकूड समोर होतं आणि त्याबद्दल आबा काय बोलले होते ते त्याला शब्द न् शब्द आठवत होतं. एवढे दिवस रोज पहाटेचा चहा त्याने बायच्याच हातून घेतला होता. वहिनीला आपण सगळ्यांनी मिळून विश्रांती दिली, असं तो ठाण्याला बायकोला फोनवर सांगतही होता. प्रत्यक्षात सगळ्यांनी मिळून फक्त एक वाक्य उच्चारलं होतं. काम एका पंधरा वर्षांच्या मुलीने उचललं होतं, न सांगता, न विचारता, कारण ती सगळ्यांत जवळ उभी होती.

त्या संध्याकाळी माळ्याचं काम थांबलं. मोठ्याची सुट्टी होती, तो घरी होता. धाकटा वहिनीच्या खोलीत जाऊन बसला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही रोज काय काय करत होता ते सांगा. सगळं. मी लिहून घेतो."

वहिनी आधी हसली. म्हणाली, "त्यात लिहिण्यासारखं काय आहे?" मग ती सांगू लागली. लाकडाच्या बिलाच्या पाठीवरची जागा संपली, तेव्हा त्याने वहीतलं पान फाडून घेतलं. सारवण, धार, शिंपणं, डबा हे दिसणारं होतं. न दिसणारं त्याच्या दुप्पट निघालं. गॅस कधी संपतो ते लक्षात ठेवणं. आजीच्या गोळ्या संपायच्या आत दापोलीहून मागवणं. सुपारी वाळत घातल्यावर आभाळाकडे लक्ष ठेवणं. बचत गटाचा हप्ता. भाऊबंदांकडचं कार्य, कुणाकडे काय न्यायचं. गाय माजावर आली की डॉक्टरला बोलावणं. मोठा शेजारी बसून ऐकत होता. एवढी वर्षं संसार करूनही त्यातलं निम्मं त्याला नव्याने कळत होतं.

"आता हे वाटू," धाकटा म्हणाला.

प्रत्येक कामापुढे नाव लिहिलं गेलं. मोठ्याने वस्तीच्या गाडीऐवजी महिनाभर दिवसाची ड्यूटी मिळावी म्हणून डेपोत अर्ज द्यायचं कबूल केलं. पहाटेची धार त्याने आपल्याकडे घेतली. धाकट्याने ऑफिसला फोन लावला आणि रजा संपल्यावर आणखी काही दिवस घरूनच काम करायची परवानगी मागून घेतली. स्वयंपाक, औषधं, बाजार त्याच्याकडे आले. शिंपण्याला वाडीतला एक गडी मजुरीवर ठरला. बचत गटाची वही गटातल्याच दुसऱ्या बाईकडे गेली. आजी म्हणाली, "मला दिसत नाही, पण हात आहेत. नारळ खवणं, लसूण सोलणं, कडधान्य निवडणं माझ्याकडे द्या." बायच्या नावापुढे एकच काम राहिलं, दिवेलागणीला देवापुढे दिवा लावायचं. तेही तिने स्वतः मागून घेतलं.

दुसऱ्या सकाळी धाकटा स्वयंपाकघरात शिरला. पोह्यांना हळद हवी होती. "वहिनी, हळद कुठे?" मग मोहरी. मग दुधाचं पातेलं. मग कुकरची शिटी. चौथ्या हाकेला वहिनी भिंत धरून उठली आणि दारात येऊन उभी राहिली.

त्याच दिवशी माजघरात कडी कापायची होती. जोडकड्या बोल्टने आवळून झाल्या होत्या. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, थोडं पलीकडे, छताखाली आडवी फळी देऊन टेकू उभे होते. जमिनीवर त्यांच्या पायाखाली रुंद फळ्या होत्या, म्हणजे भार एकाच जागी कोब्यात रुतणार नाही. टेकूंखालच्या जोडपाचरी धाकट्याने मारल्या होत्या. आबांनी चार फुटांच्या वाटेसाठी साडेचार फुटांवर खुणा केल्या, दोन्ही टोकांना तीन-तीन इंचांची आडवी कडी बसायला हवी म्हणून. मग करवत लावली.

निम्म्यापर्यंत करवत सरसर गेली आणि अडकली. धाकट्याला वाटलं, आबा आता जोर लावतील. आबांनी हात काढून घेतला.

"करवत अडकली म्हणजे भार अजून हिच्यावरच आहे. कडी लवतेय आणि वरून करवतीला चावतेय. जोर लावायचा नाही. टेकू बघ."

एका टेकूची पाचर सैल होती. टेकू उभा होता, दिसायला ताठ होता, पण काहीच उचलत नव्हता. धाकट्याने दोन्ही पाचरी समोरासमोरून हलक्या हाताने आत घेतल्या. आबांनी बजावलं, छत वर उचलायचं नाही, नुसतं भिडवायचं. पाचर घट्ट बसली आणि अडकलेली करवत आपोआप मोकळी झाली. पुढचा काप सहज पुरा झाला. तुकडा दोघांनी हातांवर झेलून खाली उतरवला. छत जागचं हललं नाही.

धाकटा तुकडा तसाच हातात धरून उभा राहिला. "आबा, सकाळी मी वहिनींना चार हाका मारल्या."

"मग तुझीही पाचर सैल आहे," आबा म्हणाले.

त्या दुपारी धाकट्याने वहिनीला त्रास न देता बायला शेजारी बसवून घेतलं आणि स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा उघडून पाहिला. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. दुधाचा हिशेब, गॅसचा नंबर, आजीच्या गोळ्यांच्या वेळा दाराच्या आत चिकटवल्या. दुसऱ्याचं काम घ्यायचं म्हणजे हातांनी करायचं तेवढंच नव्हे, त्याची माहिती आणि काळजीही घ्यायची, हे त्याला तेव्हा उमगलं. विचारून विचारून केलेल्या कामात भार पूर्वीच्याच माणसावर राहतो. पुढच्या दोन दिवसांत हाका कमी झाल्या, मग थांबल्या. वहिनी खऱ्या अर्थाने झोपू लागली. बाय पहाटे उठायची ती अभ्यासाला.

आडव्या कड्या पट्ट्यांत बसल्या. कापलेल्या कडीची टोकं त्यांना जोडली. सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळल्यावर आबांनी पाचरी हळूहळू सैल केल्या, एका बाजूची थोडी, मग दुसऱ्या बाजूची थोडी. टेकू निघाले. सुतळी लावून पाहिली. जोडकड्या होत्या तिथेच होत्या. आठवड्याभरात जिना लागला.

टेकू उचलून मांगरात नेताना धाकट्याने विचारलं, "आबा, हे इतकं भक्कम धरत होते, मग ठेवलेच असते तर?"

"टेकू तात्पुरता. त्याने वाट अडते, तो कायमचा ठेवता येत नाही. टेकू असताना खरी व्यवस्था करून घ्यायची असते. ती केली नाहीस आणि टेकू काढलास, तर सगळा भार पुन्हा जुन्या जागी जातो. आणि तिथे आता कडी नसते."

धाकट्याने हेही मनात ठेवलं. सहा आठवडे पुरे झाले. वहिनी हिंडू-फिरू लागली आणि पहिल्याच सकाळी तिने सवयीने चूल पेटवायला घेतली, मग गाईकडे वळली, मग बचत गटाची वही कुठे आहे म्हणून विचारलं. धाकट्याला दोन दिवसांनी ठाण्याला परतायचं होतं. तो आणि त्याची रजा दोन्ही टेकूच होते, हे त्याला कळत होतं. त्याने दादाला बाजूला घेतलं. दोघं पुन्हा तो कागद घेऊन वहिनीपुढे बसले आणि या वेळी त्यांनी तिलाच विचारलं, "यातलं तुला काय परत हवं आहे आणि काय नको?"

वहिनी बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, "स्वयंपाक माझा. बचत गटाची वहीही मला हवी, ती मला आवडते. शिंपणं नको. पहाटेची धार नको. गोळ्या-औषधांची काळजी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी." गडी कायम राहिला. मोठा पुन्हा वस्तीच्या गाडीवर गेल्यावर त्या दिवसांची धार कोण काढेल, यावर शेजारच्या घराशी दुधाच्या बदल्यात बोलणी झाली. आजीच्या गोळ्या धाकटा ठाण्याहून महिन्याच्या महिन्याला पाठवू लागला आणि त्याची आठवण कुणाला करून द्यावी लागली नाही. आढ्याचं काम उन्हाळ्यात झालं. फणसाचा टेकू निघाला. त्यासाठी माळ्यावर चढायच्या आधी आबांनी वहिनीला विचारलं, "आणखी कुठे काय दिलंय का, बाई?"

कुणाही माणसाला, मग ती आजारी सून असो, निवृत्त होणारा कारकून असो, की म्हातारपणी हात थकलेला बाप असो, "आता तू काही करू नकोस" असं सांगणं सोपं असतं आणि ते प्रेमानेच सांगितलं जातं. पण त्या माणसाने उचललेला भार त्या वाक्याने नाहीसा होत नाही. तो शेजारी जातो, आणि बहुधा त्याच्याकडे जातो जो सगळ्यांत कोवळा असतो आणि नाही म्हणू शकत नाही. म्हणून कापण्याआधी वर चढून बघावं, कुणाच्या डोक्यावर काय आहे. जिने उचललं आहे तिलाच विचारावं. भाराला नवी वाट करून द्यावी, ती घट्ट आहे की नाही हे तपासावं, आणि टेकू निघून गेल्यावरही टिकेल अशी करावी. करवत त्यानंतर हातात घ्यावी.